कंत्राट बदलताना पोलीस पडताळणी आणि प्रवेशपास : जुनी मंजुरी नव्या ठिकाणी चालते का?

प्रश्नकर्ता : आरेखक_वारजे

नमस्कार. मी यांत्रिकी शाखेचा पदविकाधारक असून पुण्याच्या पाषाण भागातील एका संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत, मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदारामार्फत, कॅड (संगणकावर आरेखन करणारा) आरेखक म्हणून काम करतो. पगार ठेकेदार देतो, काम प्रयोगशाळेतील अधिकारी सांगतात आणि आत जाण्याचा फोटोपास सुरक्षा कार्यालयाच्या सहीचा आहे, अशी ही तिहेरी व्यवस्था आहे. ठेकेदाराचे कंत्राट मार्चअखेर संपत असून नवे टेंडर दुसऱ्याच एजन्सीला मिळाल्याचे कळते. मी त्याच कामावर राहावे अशी आमच्या गटप्रमुखांची इच्छा आहे. दरम्यान, लष्करासाठी सुटे भाग बनवणाऱ्या भोसरीतील एका खासगी कंपनीतही माझी मुलाखत झाली. तेथे मला विचारण्यात आले की, तुमचे ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ सध्या चालू आहे का आणि ते आमच्याकडे वळवून घेता येईल का. मी चौकशी करून कळवतो असे उत्तर दिले आहे.

त्यामुळे जाणकारांना काही गोष्टी विचारायच्या आहेत. रुजू होताना माझी जी पोलीस पडताळणी झाली होती, ती नव्या ठेकेदारासाठी किंवा भोसरीच्या कंपनीसाठी ग्राह्य धरली जाते का? दोन कंत्राटांच्या मध्ये महिना-दोन महिने मोकळे गेले तर त्याचा परिणाम होतो का? बायोडेटात या मंजुरीचा उल्लेख करावा का, आणि करायचा झाल्यास कोणत्या शब्दांत?

माझ्या बाबतीत दोन गुंते आहेत. पडताळणी झाली त्या वेळी मी दिघीला राहत होतो, आता वारज्याला भाड्याने राहतो आणि आधारवर अजून बार्शीचा पत्ता आहे. शिवाय दिघीच्या सोसायटीत पार्किंगवरून झालेल्या वादात शेजाऱ्यांनी माझ्याविरुद्ध एन.सी. (पोलिसांकडील अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवली होती. पुढे त्याचे काही झाले नाही. ती फॉर्ममध्ये दाखवायची की नाही, हे समजत नाही.

---

निवृत्त_सुरक्षा_कार्यालय

आपण जिला मंजुरी म्हणता आहात ती एक वस्तू नाही. तिच्यात तीन वेगवेगळे कागद आहेत आणि त्यांपैकी एकही आपल्या मालकीचा नाही. खडकी परिसरातील एका आस्थापनेच्या सुरक्षा कार्यालयात माझी नोकरी झाली आणि ‘माझे क्लिअरन्स’ असा शब्दप्रयोग करणारे बहुतेक कंत्राटी कर्मचारी या तिन्हींची सरमिसळ करताना मी पाहिले आहेत.

पहिला कागद म्हणजे पोलिसांचा अहवाल. अमुक पत्त्यावर राहणाऱ्या अमुक व्यक्तीविरुद्ध अमुक तारखेपर्यंत आमच्या नोंदीत काही प्रतिकूल आढळले नाही, एवढेच तो सांगतो. त्या तारखेनंतरच्या काळाबद्दल तो काहीही म्हणत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आस्थापनेची परवानगी. ती आपल्या नावाला विशिष्ट वर्क ऑर्डर, विशिष्ट विभाग आणि विशिष्ट मुदत यांच्याशी बांधते, त्यामुळे कंत्राट संपले की तिला आधारच उरत नाही. तिसरा पास. तो आस्थापनेच्या मालकीचा असून आपल्याकडे केवळ वापरासाठी दिलेला असतो. यांपैकी परवानगी आणि पास या दोन गोष्टी ‘वळवून’ देण्याची सोय आपल्याकडे नाही. पोलीस अहवालही मुळात ज्या कार्यालयाने मागवला त्याच्यासाठी असतो. मात्र तो फाइलमध्ये असल्याचा व्यावहारिक उपयोग होऊ शकतो, तो असा.

त्याच प्रयोगशाळेत नव्या एजन्सीमार्फत राहायचे असेल, तर नवी एजन्सी आपल्या कर्मचाऱ्यांची यादी देते आणि प्रत्येक नावासोबत नवा फॉर्म, छायाचित्रे, ओळखपत्र आणि पडताळणीचा कागद जोडावा लागतो. अशा वेळी जुना अहवाल फाइलमध्ये असेल आणि फार जुना नसेल, तर नवा अहवाल येईपर्यंत तात्पुरता पास द्यावा की नाही हे सुरक्षा अधिकारी ठरवतात. तो त्यांचा अधिकार आहे, आपला हक्क नव्हे. आणि दोन शेजारशेजारच्या आस्थापनांतही याबाबतची पद्धत वेगळी असू शकते. म्हणून आपल्या गटप्रमुखांना केवळ तोंडी इच्छा व्यक्त करून थांबू देऊ नका. हीच व्यक्ती याच कामावर नव्या एजन्सीमार्फत आवश्यक आहे, अशी टिपणी त्यांच्या विभागाकडून सुरक्षा कार्यालयाला जुने कंत्राट संपण्याच्या आधी जायला हवी. एप्रिल उजाडल्यावर पाठवलेली टिपणी निरुपयोगी नसते, पण तोवर आपण गेटबाहेर असता.

पास परत करण्याबाबत मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत जास्त अडचणी येथेच उद्भवतात. कंत्राटाच्या शेवटच्या दिवशी पास सुरक्षा कार्यालयात जमा करावा आणि पास क्रमांक व तारीख असलेली पोच घ्यावी. अनेक जण तो सुपरवायझरच्या हाती देऊन मोकळे होतात, सुपरवायझर तो टेबलाच्या खणात टाकतो आणि ठेकेदाराचे शेवटचे बिल व अनामत रक्कम पासांच्या हिशोबापायी अडकली की शोधाशोध सुरू होते. तोवर आपल्या नावापुढे ‘पास परत नाही’ असा शेरा पडलेला असतो आणि पुढे कधी त्याच आस्थापनेत अर्ज केला की तो शेरा आपल्या आधी तेथे पोहोचलेला असतो. ‘नवा पास होईपर्यंत जुनाच वापरतो’ हा विचार तर मनातही आणू नये. गेटवरचा डी.एस.सी.चा (डिफेन्स सिक्युरिटी कोअर, म्हणजे संरक्षण आस्थापनांच्या सुरक्षा दलाचा) जवान आपल्याला रोज नमस्कार करत असला, तरी मुदत संपलेला पास पाहून तो आपल्याला अडवणारच, आणि ते त्याचे कर्तव्य आहे.

मध्ये मोकळा काळ गेला तर तो दोष ठरत नाही. त्या काळात कोठे होता आणि काय करत होता हे फॉर्ममध्ये सरळ लिहावे. घरी होतो, नोकरी शोधत होतो, हेही पुरेसे उत्तर आहे. मात्र त्या काळात ‘थोडे हँडओव्हर राहिले आहे’ असे सांगून कोणी अभ्यागत पासावर आत बोलावले आणि प्रत्यक्ष कामाला बसवले, तर नम्रपणे नकार द्यावा. अभ्यागताच्या पासावर संगणकासमोर बसून आरेखन करणे हे आपल्यासाठी आणि बोलावणाऱ्या अधिकाऱ्यासाठीही अडचणीचे आहे.

---

अनुपालन_एमआयडीसी

मी संरक्षण क्षेत्रासाठी उत्पादन करणाऱ्या एका खासगी कंपनीत मनुष्यबळ आणि अनुपालन विभाग सांभाळते, त्यामुळे भोसरीच्या मुलाखतीत तो प्रश्न का आला असावा हे सांगू शकते.

परवानाधारक संरक्षण उद्योगांसाठी संरक्षण उत्पादन विभागाने 2014 मध्ये एक सुरक्षा नियमपुस्तिका काढली. तीत उत्पादनांच्या संवेदनशीलतेनुसार कंपन्यांचे ए, बी आणि सी असे वर्ग केलेले आहेत. ए वर्गात अत्यंत संवेदनशील उत्पादने येतात आणि तेथे सुरक्षेची सर्वाधिक कडक व्यवस्था अपेक्षित असते, तर सी वर्गात गोपनीय माहितीचा संबंध नसलेली सर्वसाधारण स्वरूपाची उत्पादने येतात. आपल्याला ज्या कंपनीत जायचे आहे ती कोणत्या वर्गात आहे आणि आपण कोणत्या विभागात बसणार आहात, हे विचारून घ्या, कारण पडताळणीला किती वेळ लागेल याचा अंदाज त्यावरूनच येतो. केवळ लष्कराला माल जातो म्हणून प्रत्येक कंपनीत सारखीच काटेकोर व्यवस्था असते असे नाही. नट-बोल्ट पुरवणाराही लष्कराचा पुरवठादारच असतो.

कर्मचाऱ्याची पार्श्वभूमी तपासून घेण्याची जबाबदारी कंपनीवर असते. त्यामुळे आपली प्रयोगशाळेतील पडताळणी कितीही निर्दोष असली, तरी आम्ही ती आमची म्हणून फाइलला लावू शकत नाही. मुलाखत घेणाऱ्यांना बहुधा एवढेच जाणून घ्यायचे असते की, हा उमेदवार एकदा या चाळणीतून गेलेला आहे का, म्हणजे ऐन वेळी काही निघून जागा अडून राहणार नाही. आपण त्यांना असे कळवू शकता की, माझी पोलीस पडताळणी पूर्वी झालेली आहे, तिची मूळ प्रत आस्थापनेकडे आहे, ती हस्तांतरित होत नाही आणि नवी पडताळणी करण्यास माझी पूर्ण तयारी आहे. या उत्तराने कोणतीही जाणती कंपनी मागे हटणार नाही. उलट ‘हो, माझे क्लिअरन्स चालू आहे’ असे सांगणाऱ्या उमेदवाराला आम्ही चार प्रश्न जास्त विचारतो.

पत्त्यांचा गुंता वाटतो तितका कठीण नाही, फक्त त्यातील पोलीस हद्दींचा भाग समजून घ्यावा लागतो. 15 ऑगस्ट 2018 पासून पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि दिघी, भोसरी, देहूरोड ही ठाणी त्याच्याकडे गेली. वारजे मात्र पुणे शहर आयुक्तालयातच आहे. चारित्र्य पडताळणीचा ऑनलाइन अर्ज कंपनी कोठे आहे यावरून ठरत नाही, अर्जदार कोठे राहतो यावरून ठरतो, म्हणून कंपनी भोसरीला असली तरी आपला अर्ज पुणे शहराकडे जाईल. सरकारी धर्तीच्या अटेस्टेशन फॉर्ममध्ये (पडताळणीसाठी उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म) मागील पाच वर्षांत जेथे जेथे एक वर्षाहून अधिक काळ राहिलात ते सर्व पत्ते कालावधीसह विचारलेले असतात, त्यामुळे दिघीचा पत्ता वगळून चालणार नाही. बार्शीचा पत्ता कायमचा म्हणून द्यावा आणि वारज्याचा सध्याचा म्हणून. वारज्याच्या पुराव्यासाठी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार उपयोगी पडतो. महाराष्ट्रात असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तरीही शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून काम भागवणारे मालक पुण्यात मुबलक आहेत. आपला करार तसा असेल तर आत्ताच मालकांशी बोलून घ्या, कारण पडताळणीच्या वेळी ती धावपळ आपल्यालाच करावी लागते.

आणखी एक गोष्ट उमेदवारांच्या लक्षात येत नाही. बायोडेटातील तारखा आम्ही भविष्य निर्वाह निधीच्या सेवा-इतिहासाशी ताडून पाहतो. कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत जुना ठेकेदार पुष्कळदा काम सोडल्याची तारीख नोंदवतच नाही, त्यामुळे कागदोपत्री एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी दिसते. शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिने उलटले की ही तारीख सदस्याला स्वतःलाही ऑनलाइन नोंदवता येते. नव्या एजन्सीला जुनाच यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा कायमचा खाते क्रमांक) द्यावा. नवा काढला तर हा इतिहास तुटतो आणि पुढे कोणाला समजावून सांगता येत नाही. ठेकेदाराकडून सेवा प्रमाणपत्रही मागून घ्या, आणि ते कंत्राट चालू असतानाच मागा, कारण टेंडर हातातून गेलेला ठेकेदार एप्रिलमध्ये फोन उचलेलच याची खात्री नसते.

बायोडेटात मी असे लिहीन : “संरक्षण संशोधन क्षेत्रातील शासकीय आस्थापनेत ठेकेदारामार्फत कॅड आरेखक, सेवाकाळात पोलीस पडताळणी पूर्ण.” यापुढे प्रकल्पाचे नाव, उत्पादनाचे नाव, कोणत्या भागाचे आरेखन केले, यांतील काहीही नको. आपले कौशल्य सॉफ्टवेअर, मानके आणि टॉलरन्सच्या (मापातील मान्य फरकाच्या) भाषेत व्यवस्थित सांगता येते.

---

वकील_शिवाजीनगर

एन.सी.बद्दल लिहितो. सर्वसाधारण माहिती म्हणून हे वाचावे. आपले कागद पाहिल्याशिवाय यापेक्षा अधिक ठामपणे सांगणे योग्य होणार नाही.

एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 155 खाली आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174 खाली ती घेतली जाते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्यावर तपास करू शकत नाहीत, म्हणून केवळ एन.सी. नोंदवली गेल्याने आपल्यावर खटला प्रलंबित आहे असे होत नाही आणि आपण आरोपी म्हणून अटक झालात असेही होत नाही. येथपर्यंत आपली बाजू सोपी आहे.

परंतु पुण्यात सोसायट्यांच्या भांडणांत एन.सी.नंतर पुष्कळदा आणखी एक पायरी येते, जिला सगळेच ‘चॅप्टर केस’ म्हणतात. शांतता राखण्याच्या हमीसाठी दोन्ही बाजूंना नोटीस निघते, आयुक्तालयाच्या हद्दीत सहायक पोलीस आयुक्तांच्या पातळीवरील विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे हजर राहावे लागते आणि बंधपत्र लिहून द्यावे लागते. पूर्वी हे जुन्या संहितेच्या कलम 107 खाली होत असे, आता नव्या संहितेच्या कलम 126 खाली होते. लोक सही करून घरी येतात आणि ‘पुढे काही झाले नाही’ असे समजतात. अटेस्टेशन फॉर्ममध्ये अटक, खटला, स्थानबद्धता, दंड, शिक्षा यांच्याबरोबरच हमीपत्र किंवा बंधपत्र देण्यास भाग पाडले गेले होते का, असाही स्वतंत्र प्रश्न असतो. तेव्हा दिघी पोलीस ठाण्यातून आधी एन.सी.ची प्रत घ्या आणि त्यापुढे काही कारवाई झाली होती का याची खात्री करून घ्या. आपण बंधपत्र दिले असेल तर त्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच द्यावे लागेल आणि सोबत दोन ओळींत खुलासा जोडता येईल.

माहिती दडवल्यास काय होते यावर सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठाने 2016 मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सविस्तर मार्गदर्शन केले आहे. त्याचा रोख असा : अटक, प्रलंबित खटला, शिक्षा किंवा निर्दोष सुटका यांबाबत दिलेली माहिती खरी असली पाहिजे, फॉर्ममध्ये स्पष्टपणे विचारलेली माहितीच देणे बंधनकारक असते, क्षुल्लक स्वरूपाच्या प्रकरणाबाबतची लपवाछपवी नियोक्ता आपल्या विवेकाने दुर्लक्षित करू शकतो, आणि खरी माहिती दिली तरीही नियुक्ती देण्याची सक्ती नियोक्त्यावर करता येत नाही. हा निवाडा शासकीय सेवेतील नियुक्त्यांसंबंधी आहे. ठेकेदाराच्या कर्मचाऱ्याला त्याचा आधार फारच थोडा मिळतो, कारण त्याला कोणी बडतर्फ करत नाही, केवळ पास नाकारला जातो आणि ठेकेदार दुसरा माणूस पाठवतो. म्हणूनच त्याने फॉर्म भरताना कायम कर्मचाऱ्यापेक्षाही जास्त काळजी घ्यावी, असे माझे मत आहे. प्रश्न नेमका जसा छापला आहे तसा वाचावा आणि तेवढ्याचेच खरे उत्तर द्यावे. ‘आपल्याविरुद्ध कधीही पोलिसांकडे तक्रार झाली आहे का’ असे व्यापक शब्द असतील तर एन.सी. दाखवावी, ‘न्यायालयात खटला प्रलंबित आहे का’ एवढेच असेल तर एन.सी. त्या उत्तरात येत नाही.

वर बायोडेटाबद्दल जे सांगितले गेले आहे त्याला कायद्याचाही पाया आहे. शासकीय गुपिते कायदा 1923 मधील कलम 5 केवळ सरकारी नोकरांना लागू होते असा समज सर्रास आढळतो. त्या कलमात शासनाशी कंत्राट केलेली किंवा पूर्वी केलेली व्यक्ती आणि अशा कंत्राटदाराकडे नोकरी करणारी किंवा पूर्वी केलेली व्यक्ती यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे आपला पास जमा झाला, ठेकेदार बदलला, आपण भोसरीला रुजू झालात, तरी आत पाहिलेल्या आरेखनांबाबतचे बंधन कायम राहते. भोसरीच्या कंपनीत कोणी सहज म्हणून ‘तिकडे हा भाग कसा करत होते’ असे विचारले, तर त्याला उत्तर देण्याचे आपल्याला स्वातंत्र्य नाही.

---

मूळचा_कर्वेनगरकर

मी अनेक वर्षे अमेरिकेत आहे. ‘क्लिअरन्स चालू आहे का, वळवता येईल का’ ही भाषा तिकडच्या नोकरीच्या जाहिरातींतून आपल्याकडे आली असावी असे वाटते, म्हणून तिकडे प्रत्यक्षात काय होते ते थोडक्यात लिहितो. तिकडची माहिती वाचून कोणी पुण्यातील व्यवस्थेबद्दल अनुमान काढू नये.

अमेरिकेत कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट अशा पातळ्यांची व्यक्तिगत मंजुरी असते. ती स्वतः अर्ज करून मिळत नाही; सरकारी खाते किंवा स्वतः मान्यताप्राप्त असलेली कंत्राटदार कंपनी आपल्याला पुरस्कृत करते. मग एसएफ-86 हा लांबलचक फॉर्म भरावा लागतो आणि चौकशी होते. संरक्षण क्षेत्रातील बहुतांश चौकश्या डिफेन्स काउंटरइंटेलिजन्स अँड सिक्युरिटी एजन्सी ही संस्था करते. नोकरी सुटली की मंजुरीचा वापर थांबतो, परंतु 24 महिन्यांच्या आत दुसऱ्या मान्यताप्राप्त कंपनीने आपल्याला घेतले आणि मूळ चौकशी कालबाह्य झालेली नसेल, तर सर्वसाधारणपणे पहिल्यापासून चौकशी न करता ती पुन्हा चालू करता येते. एका खात्याने दिलेली मंजुरी दुसऱ्याने मान्य करावी हे तत्त्व 1995 च्या अध्यक्षीय आदेश क्रमांक 12968 मध्ये आहे, तरी काही खाती स्वतःच्या जादा अटी लावतात. पूर्वी सीक्रेटसाठी दहा आणि टॉप सीक्रेटसाठी पाच वर्षांनी फेरचौकशी होत असे. आता तिची जागा सतत चालणाऱ्या तपासणीने घेतली आहे. ही मंजुरी अमेरिकी नागरिकांनाच मिळते, परकीय नागरिकाला फार तर अपवादाने मर्यादित प्रवेश देतात. त्यामुळे एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्यांनी या जाहिरातींकडे पाहून वेळ घालवू नये.

म्हणजे तिकडेसुद्धा ती वस्तू आपल्या खिशात नसते. नवी कंपनी शासकीय प्रणालीत आपले नाव आपल्याकडे घेते, एवढाच ‘वळवण्या’चा अर्थ आहे.

---

लोहगाव_ग्राउंड

विमानतळावरही हीच पद्धत आहे. आमचा प्रवेशपास ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटीच्या नियमांखाली मिळतो आणि अर्ज कंपनीमार्फतच करावा लागतो. एका ग्राउंड हँडलिंग कंपनीतून दुसरीत गेले की काउंटर तेच, धावपट्टी तीच, पण पास जमा करून नव्या कंपनीमार्फत पुन्हा अर्ज.

मात्र वरील सर्व वाचून प्रश्नकर्त्यांनी घाबरून जाऊ नये असेही वाटते. माझे काही मित्र संरक्षण आस्थापनांमध्ये एजन्सीमार्फत काम करतात. ठेकेदार बदलला तेव्हा त्यांचे जुने पोलीस व्हेरिफिकेशन सहज चालले आणि एक दिवसही काम बुडाले नाही.

---

निवृत्त_सुरक्षा_कार्यालय

चालले असेल, ते मी नाकारत नाही. मी म्हटले तसे ते संबंधित अधिकाऱ्यांनी त्या वेळी घेतलेल्या निर्णयामुळे चालले. अधिकाऱ्यांची बदली झाली, वरून नवे परिपत्रक आले किंवा शहरात एखादे प्रकरण घडले की तीच सवलत बंद होते. मे 2023 मध्ये पुण्यातील संरक्षण संशोधन क्षेत्रातील एका वरिष्ठ शास्त्रज्ञांना दहशतवादविरोधी पथकाने शासकीय गुपिते कायद्याखाली अटक केली होती. अशा घटनेनंतर कोणताही सुरक्षा अधिकारी जुन्या कागदावर सही करताना हात आखडता घेणार, हे स्वाभाविक आहे. मित्रांचे काम बुडाले नाही म्हणून आपलेही बुडणार नाही, या भरवशावर घरभाड्याचे गणित मांडू नये.

---

आरेखक_वारजे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भोसरीच्या कंपनीला अनुपालन_एमआयडीसी यांनी सुचवलेल्या आशयाचे उत्तर आज पाठवले. गटप्रमुखांशीही बोललो, सुरक्षा कार्यालयाला टिपणी पाठवण्यास ते तयार आहेत. दिघी पोलीस ठाण्यात शनिवारी जाणार आहे. बंधपत्रावर सही केल्याचे मला आठवत नाही, पण वकीलसाहेबांनी लिहिल्यावर ती शक्यता मी गृहीत धरून चाललो आहे.

दोन शंका राहिल्या आहेत. आधारवरील पत्ता पडताळणीचा अर्ज करण्यापूर्वी बदलून वारज्याचा करावा का? आणि नव्या एजन्सीचा फॉर्म व भोसरीच्या कंपनीचा फॉर्म एकाच वेळी भरले, म्हणजे दोन्हीकडून माझी पडताळणी एकदम सुरू झाली, तर ते गैर ठरेल का?

---

अनुपालन_एमआयडीसी

आधारचा पत्ता बदलायचा असेल तर अर्ज करण्यापूर्वी बदला किंवा पडताळणी पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. अर्जासोबत जोडलेले कार्ड बार्शीच्या पत्त्याचे आणि चौकशीच्या वेळी दाखवलेले वारज्याचे, असे झाले की ठाण्यातील कर्मचारी अर्ज परत पाठवण्याची शक्यता असते. भाड्याचे घर आपण वर्षभरात पुन्हा बदलण्याची शक्यता असेल, तर मी आधारवर बार्शीच ठेवीन आणि सध्याच्या पत्त्यासाठी नोंदणीकृत करार जोडीन.

दोन फॉर्म एकाच वेळी भरण्यात गैर काही नाही, फक्त दोन्हींतील माहिती अक्षरशः एक असली पाहिजे : नावाचे स्पेलिंग, दिघीतील वास्तव्याच्या तारखा, जुन्या नोकऱ्यांचा क्रम, सगळे. पहिला फॉर्म भरल्यावर त्याची छायाप्रत काढून ठेवा आणि दुसरा तिच्यावरून भरा. भोसरीच्या कंपनीला मात्र सांगून ठेवा की सध्याच्या ठिकाणीही माझी पडताळणी सुरू होऊ शकते.

---

वकील_शिवाजीनगर

वरील सल्ल्याशी सहमत आहे. एक पुरवणी. दिघी ठाण्यात गेल्यावर एन.सी.चा क्रमांक आणि तारीख आठवत नसेल तर शेजाऱ्यांचे नाव आणि अंदाजे महिना सांगून नोंदवहीत शोध घेण्याची विनंती करा, आणि प्रतीसाठीचा अर्ज लेखी देऊन त्यावर आवक शिक्का घ्या. प्रत मिळायला वेळ लागला आणि तोवर फॉर्म भरण्याची मुदत आली, तर त्या शिक्क्याच्या अर्जाची छायाप्रत खुलाशासोबत जोडता येईल.